मिसळणाच्या डब्यातल्या पट्ट्या

मुलांनो, तुमच्यातली थोरली आता डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण वापरून रक्तातला आजार ओळखणाऱ्या पट्ट्या बनवते. गेल्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "आजी, कण बनवणं सोपं आहे गं. त्या पट्ट्या दमट हवेपासून जपणं अवघड." मी विषय बदलला. का बदलला, ते आज लिहिते.

नव्वदच्या दशकात आम्ही बेलापूरला, खाडीजवळच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. तुमच्या आजोबांना मधुमेह होता. तुमच्या बाबाने परदेशातून साखर तपासायचं यंत्र पाठवलं आणि पट्ट्यांच्या बाटल्या. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की यंत्रावर आकडा येई. आजोबांची बोटं जाड, एक पट्टी काढताना चार सांडत. शाळेचं ऑफिस सांभाळलेल्या मला पसारा बघवत नसे. आहेरात आलेला कोरा मिसळणाचा डबा मी काढला. सात वाट्या, सात वार. ज्या त्या वाराच्या पट्ट्या त्या वाटीत. रिकाम्या बाटल्या टाकून दिल्या.

"आज जिऱ्याचा वार की मोहरीचा?" असं आजोबा रोज चिडवत.

खाडीच्या हवेनं आमच्याकडे मिठाला पाणी सुटे, म्हणून मी बरणीत तांदळाचे दाणे टाकत असे. पट्ट्यांच्या बाबतीत ते सुचलं नाही. बाटलीवर सूचना इंग्रजीत होत्या. मला इंग्रजी उत्तम येतं. मी तपासायची रीत तेवढी वाचली.

आकडे हळूहळू उतरू लागले. मी ते वहीत नीट लिहीत होते. वही पाहून डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि मी आजोबांच्या ताटात आंब्याची फोड वाढू लागले. मग चपलेनं त्यांच्या पायाचं बोट सोललं. जखम भरेना. दवाखान्यात न्या, असं शेजारीण दोनदा सांगून गेली. मी तिला वही दाखवली. बोट काळं पडलं तेव्हा गेलो.

लॅबमधला आकडा वहीतल्या आकड्याच्या कितीतरी वर निघाला. पट्ट्या कशात ठेवता, असं डॉक्टरांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मी डबा नेला, स्वच्छ पुसून. झाकण उघडून त्यांनी एक पट्टी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "बाई, या उघड्या राहिल्या की खराब होतात, आकडा कमी दाखवतात. बाटलीत ओल शोषणारी पूड असते."

खाटेवरून आजोबा म्हणाले, "डॉक्टर, हिच्या हातून आजवर घरातली टाचणीसुद्धा हरवली नाही."

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बाबाला मी जखम चिघळली एवढंच कळवलं. आजोबांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पण नवी बाटली आली ती त्यांनी उशाशी ठेवली. पट्टी स्वतः काढत, झाकण लावून दोनदा दाबून बघत. मी हात पुढे केला तर म्हणत, "असू दे गं." ते गेले त्या सकाळपर्यंत त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली नाही.