ओली सही

माझं नाव मी माझ्याच फडक्यानं पुसलं. तीसेक माणसांच्या देखत.

पाचोऱ्याजवळचं गाव. कापसाच्या जिनिंगवाल्यांचं घर. म्हातारे आबा जाऊन वर्ष झालं होतं आणि वर्षश्राद्धाला त्यांचं चार फुटी तैलचित्र दिवाणखान्यात लागायचं होतं. ते मी केलं होतं. चित्र खुर्चीवर ठेवलं, वरची चादर काढली, तशा आबांच्या बायको, सगळे त्यांना अक्का म्हणतात, उठून पुढं आल्या. चित्रातल्या गालावरून त्यांनी हात फिरवला आणि रडायला लागल्या.

"आबाच बसेल शेतस," म्हणाल्या. आबाच बसलेत म्हणे.

मला वाटलं, सहा आठवड्यांचं चीज झालं.

मग आबांचा थोरला मुलगा वाकला. त्यांना गावभर भाऊसाहेब म्हणतात. त्यांची शिक्षणसंस्था आहे, बोलणं अगदी मऊ. त्यांनी कोपऱ्यातली सही वाचली. नाव वाचलं, आडनाव वाचलं, परत आडनाव वाचलं. माझं मूळ गाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?"

आमच्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. जात विचारणं वाईट दिसतं, म्हणून बाजू विचारतात. मी बाजू सांगितली. एका बाईनं ताटातला हार उगाच सारखा केला.

बोलल्या त्या अक्काच. डोळे अजून ओलेच होते.

"बेटा, या फोटोना बठ्ठा पाया पडतीन. खाले तुन्हं नाव कसाले? पुसी टाक."

सगळे पाया पडणार त्या चित्राखाली माझं नाव कशाला, एवढंच. रागानं नाही बोलल्या. बेटा म्हणाल्या. सांडलेलं पाणी पुसायला सांगावं तसं सांगितलं. चूक माझीच होती. सही मी त्याच सकाळी केली होती. तैलरंगाची सही वाळायला दिवस लागतात, हे कुठलाही पेंटर जाणतो. पण आडनाव लिहायचं की नाही यात माझे तीन दिवस गेले होते. त्याआधी मी कायम नुसतं पाळण्यातलं नाव लिहीत आले. या वेळी चित्र जमलं होतं, मनासारखं जमलं होतं, म्हणून निघायच्या आधी हिंमत केली आणि पूर्ण नाव लिहिलं. ते ओलं होतं. वाळलेलं असतं तर खरवडावं लागलं असतं, आबांचं धोतरही खराब झालं असतं, मग कदाचित राहिलं असतं.

मी पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली काढली. फडकं भिजवलं. दोन वेळा फिरवलं, नाव गेलं. खाली तपकिरी रंग तसाच शाबूत. काम इतकं सफाईनं झालं की भाऊसाहेब म्हणाले, "वा, डाग पण नाही राहिला."

त्यानंतर आबांच्या कपाळाला गंध लावलं. जे कपाळ मी अकरा वेळा रंगवलं होतं. पुरोहितानं मला जरा मागं सरकायला सांगितलं. पंगतीच्या वेळी मला बाहेरच्या ओट्यावर पत्रावळ आली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. मी जेवले. भूक लागली होती. खोटं कशाला बोलू, चवीनं जेवले. त्याचीच लाज मला आजही सगळ्यात जास्त वाटते.

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाचोऱ्यात, भडगावात, जळगावच्या बाजारात. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरनं आपलं नाव टाकायचं, ही आमच्या धंद्याची रीत. लोक तेच वाचून पुढचं काम देतात. वडिलांचं अक्षर पाहून लोक सायकल थांबवायचे, पण कोपऱ्यात त्यांचं नाव कधीच नसायचं. लहान असताना मला वाटायचं, विसरत असतील. मी धुळ्याला चित्रकला शिकायला निघाले तेव्हा त्यांनी ब्रश बांधून दिले आणि एवढंच म्हणाले, "नाव बारीक लिख, बेटा." मी त्याला नम्रता समजले. चार वर्षं कॉलेजात पोरांना कौतुकानं सांगत होते, माझे वडील किती साधे. मूर्ख होते मी. तो माणूस साधा नव्हता. घाबरलेला होता, आणि त्याला घाबरवणारे असेच मऊ बोलणारे लोक होते.

आणि आबांचा तो चेहरा तरी मला कुठं आयता मिळाला? घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. एक आधार कार्डावरचा, एक कुणाच्या लग्नातला, तोही अर्धा नवरदेवाच्या फेट्यामागं. डावी पापणी जरा उतरलेली, खालचा ओठ बाजूला ओढलेला. दीड महिना तो म्हातारा माझ्या खोलीत, माझ्या पोळपाटाशेजारी बसला होता. भाऊसाहेबांनी मध्ये फोन करून सांगितलं, रंग जरा उजळ घ्या. मी घेतला. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही माणसं पुसायला सांगणार. बापाचा रंग ज्यांना चालत नाही, त्यांना माझं आडनाव काय चालणार.

सहा महिन्यांनी मी परत गेले. तैलचित्र आतून वाळलं की त्यावर वॉर्निश द्यावं लागतं, नाहीतर रंग मरतो. तसं मी आधीच सांगून ठेवलं होतं. शिवाय भाऊसाहेबांनी फोनवर म्हटलं होतं की संस्थेच्या सभागृहासाठी आबांचं आणखी मोठं चित्र करायचंय. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर काम करायला मिळावं म्हणून मी दहा वर्षं वाट पाहत होते. म्हणून गेले. स्वाभिमान वगैरे घरी ठेवून गेले.

चित्र भिंतीवरून उतरवलं. पुसायला घेतलं, आणि फ्रेमच्या खालच्या पट्टीवर, माझं नाव होतं बरोबर त्याच्या खाली, सोनेरी स्टिकर दिसलं. फ्रेमवाल्याचं. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, आडनाव, पत्ता, मोबाइल नंबर. आयत्या बिळावर नागोबा. रोजच्या पूजेचं कुंकू त्या स्टिकरवरही पडलं होतं. सहा महिने हे घर त्या फ्रेमवाल्याच्या मोबाइल नंबराच्या पाया पडत होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

मला रडू आलं नाही. मी तो मोबाइल नंबर परत पहिल्या आकड्यापासून वाचला.

भाऊसाहेब समोर सोफ्यावर बसून सभागृहाच्या चित्राचं बोलत होते. आठ फूट बाय पाच. उद्घाटनाला मंत्री येतील. आणि मग सहज, चहाचा घोट घेऊन, "फक्त नावाचं तेवढं तुम्हाला माहीतच आहे."

मी वॉर्निशची बाटली बाजूला ठेवली. बारीक ब्रश काढला, काळा रंग काढला आणि कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. मग आडनाव. मागच्यापेक्षा दुप्पट मोठं, वडिलांच्या पाटीच्या अक्षरात. अक्षर सरळ आलं.

अक्का दारात उभ्या होत्या. भाऊसाहेब उठले.

"हे काय? पुसा ते."

मी फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"ओलं आहे. पुसलं जाईल. पण या वेळी तुम्ही पुसा, तुमच्या हातानं."

त्यांनी फडक्याकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं. फडकं घेतलं नाही. अक्कांकडे पाहिलं, त्याही हलल्या नाहीत. मी फडकं आबांसमोर टेबलावर ठेवलं, सामान भरलं आणि वॉर्निश न देता निघाले.

ते नाव आज तिथं आहे की नाही, मला ठाऊक नाही. पुसलं असेल. गडीमाणसाला सांगून पुसून घेतलं असेल. सभागृहात नंतर डिजिटल बॅनरवाल्याकडून छापलेला आबांचा फोटो लागला. पाचोऱ्याकडून मला फोन येणं बंद झालं. 'बाई डोक्यानं जरा तिरपट आहे' असं जळगावातही पसरलं. आठ फुटी कॅनव्हास अजून मिळालेला नाही. याचं दुःख होत नाही असं म्हणणार नाही. होतं, आणि जळतं.

पण एक गोष्ट मी बदलली. सही शेवटी करतात, असं कॉलेजात शिकवलं होतं. मी आता आधी करते. कोरा कॅनव्हास चित्राच्या लाकडी घोड्यावर लावते, काम देणाऱ्याला समोर बसवते आणि त्याच्या देखत कोपऱ्यात पूर्ण नाव लिहिते. आडनावासकट. रंग त्याच्या भोवतीनं चढतो, आणि चित्र होईपर्यंत ते पक्कं वाळतं. गावात घर कुठल्या बाजूला, तेही त्यानं विचारायच्या आधी सांगते. काही जण चहा अर्धा टाकून उठतात. उठू देत. जो बसून राहतो, त्याच्याच बापाचा चेहरा मी रंगवते.