खुर्चीवरचं व्हायोलिन घेऊन रोह्याला

सिंफनी ऑर्केस्ट्रात कायमची नोकरी लागली, घरच्यांनी पेढे वाटले, तरी माझा जीव रोह्यात अडकला होता. तिथल्या सरांनी मला लहानपणी सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून रागदारी शिकवली. आता मी ते हनुवटीखाली धरून, खुर्चीत बसून विलायती संगीत वाजवणार! सोमवारी रुजू व्हायचं होतं. सरांनी तोंड फिरवलं असतं तर माझा हातच चालला नसता. म्हणून शनिवारी पनवेलहून एसटी पकडली.

पेणला उतरलेच. पोह्याचे पापड न घेता गेले तर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातूनच परत पाठवतील. पुढे रोह्याला रेल्वेही आहे, पण गाड्या मोजक्या, तेव्हा वेळ बघून निघा. मी पुन्हा एसटीच धरली. रस्त्याचं काम मी शाळेत असल्यापासून चालू आहे, त्यामुळे नाजूक सामान मांडीवरच घ्या.

"पेटीत काय हाय गो?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

"व्हायोलिन."

"मंग वाजव की. नागोठण्यापर्यंत टाइमपास व्हईल."

रोह्यात सरांनी दार उघडलं, पेटीकडे पाहिलं आणि सतरंजीकडे बोट केलं. "बस."

"सर, खुर्ची लागेल." सरांनी पुन्हा सतरंजीकडेच बोट केलं. शेवटी काकूंनीच स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली.

"वाजव तुमच्यातलं," सर म्हणाले.

मी दुसऱ्या व्हायोलिनांच्या, म्हणजे मुख्य सुरावटीला साथ देणाऱ्या रांगेत. त्या रांगेचं एकट्याने वाजवणं म्हणजे वरण नसलेला भात. चार ओळी वाजवल्या आणि थांबले.

"विसरलीस काय गो?" काकू कळवळल्या.

"नाही काकू. आता बासऱ्या वाजतायत."

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. मला हसू आलं, पण सरांचा चेहरा बघून गिळलं.

"किती थांबायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"चौसष्ट मात्रा."

"म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. पुन्हा कर."

या वेळी ते मांडीवर हाताने ताल धरून बसले. लहानपणी मी कायम समेच्या आधीच पोचायचे आणि सर ओरडायचे, "पळू नको गो, गाडी चुकत नाय!" आता मी गज खाली धरून मोजत राहिले. चौथं आवर्तन संपलं. त्यांचा हात समेवर पडला आणि माझा गज तारेवर, अगदी एकदम.

सर खुदकन हसले. "तुला थांबायला शिकवायचं मला काय जमलं नाय. त्यांनी शिकवलं बघ. जा, खुशाल जा तिकडे."

मी खुर्चीवरून उठून पाया पडले आणि रडले. काकूंनी तेवढ्यात पापड तळायला घेतले.

परतीला रेल्वे मिळाली. खिडकीशी बसून भाताची खाचरं बघत आले, मन हलकं होतं.

सोमवारी पहिली तालीम. आमचा विराम आला, बासऱ्या सुरू झाल्या आणि माझी बोटं गुडघ्यावर तीनताल मोजायला लागली. शेजारच्या बाईंनी डोळे वटारले. मी मोजत राहिले. चौथं आवर्तन संपलं, सगळ्या रांगेचे गज एकदम उचलले गेले, त्यात माझाही होता. गाडी चुकली नाही.