अकरावा खळगा

भुताखेतांच्या पुस्तकांवर नंबर टाकून ती कपाटात लावायची, एवढाच माझा या विषयाशी संबंध. मी ग्रंथपाल होतो. विश्वास कधीच नव्हता. तरीही हे लिहितोय…

माझी थोरली बहीण, सुमनताई, जानेवारीत गेली. आदिमानवाने टेकड्यांवरच्या कातळात कोरलेल्या खुणांची ती नोंद ठेवायची. वारजेच्या टेकडीवरच्या एका कातळाचं रेखाचित्र हे तिचं शेवटचं काम. त्यात तिने वाटीएवढे अकरा खळगे दाखवले होते. तिच्याबरोबर लेख लिहिणारे देशमाने सर म्हणाले, "कातळावर दहाच आहेत. अहो, आजारपणात चुकल्या असतील. अकरावा वगळतो."

ताई आणि मोजण्यात चुकेल? मला ते सहन होईना. म्हटलं, आधी बघून येतो.

मार्चमधली सकाळ, आठ वाजलेले. खाली हायवेचा आवाज. बरोबर ज्ञानोबा होते. गुरं चारताना हा कातळ त्यांनीच ताईला दाखवला होता. ताईची पद्धत अशी, की कातळावर पाणी ओतायचं… साचेल तिथे खळगा. मी बाटली रिकामी केली. दहा खळगे भरले. अकराव्याच्या जागेवरून पाणी सरळ वाहून गेलं.

"झालं का समाधान?" ज्ञानोबा म्हणाले. "का टँकर बोलवू?"

मी चित्र बघून त्या जागी बोट टेकवलं — आणि बोट आत गेलं. पहिल्या पेरापर्यंत. आत गार पाणी लागत होतं. डोळ्यांना मात्र सपाट दगडच दिसत होता, आणि बोटाचं टोक दिसत नव्हतं.

"ज्ञानोबा…"

ते वाकले. चेहरा उतरला. "हात काढा. आधी हात काढा, सायेब!"

काढला. पुन्हा टेकवला, तर नुसता दगड. कितीतरी वेळ चाचपत राहिलो. ज्ञानोबांनी हात लावला नाही. उतरताना एवढंच म्हणाले, "ताईंनी बी त्या दिशी बोट पदराला पुसलं हुतं. म्या इचारलं न्हाई."

घरी येऊन सरांना फोन केला. "अकरावा आहे."

"फोटो पाठवा."

"फोटो नाही. ताईचं चित्र आहे तसं छापा. नाहीतर तिचं नाव काढा."

सरांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं."

लेख छापून आला, अकरा खळग्यांसकट, ताईच्या नावासह. त्यानंतर चारदा जाऊन आलो. दगड सपाटच आहे. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. उद्या कोणीही जाऊन मोजेल, दहाच भरतील, आणि म्हणेल, बाई चुकली. हे मी तिच्यावर ओढवलंय. बरोबर केलं का, हे विचारायला आता तीच नाही.