पेस्तनजींची भट्टी आणि नामाची जीभ

अठराशे ऐंशीच्या आसपास कर्जत स्टेशनाबाहेर पेस्तनजी शेठचं हॉटेल होतं. घाट चढायला गाडीला जादा इंजिन जोडेपर्यंत साहेब लोक तिथे जेवून घेत. पुढे पांढऱ्या चादरी आणि काट्याचमच्यांचा खणखणाट, मागे विहिरीजवळ मोहाची भट्टी. हॉटेल चालायचं ते खरं भट्टीवर, आणि भट्टी चालायची नामाच्या जिभेवर.

नामा शेलूचा, भातशेतीवाल्या घरातला. मोहाची फुलं किती आंबली हे तो वासावर सांगे. थेंबभर दारू जिभेवर ठेवली की कुणाच्या हातची तेही ओळखे. शेठ पाहुण्यांसमोर त्याच्यापुढे ओळीनं पेले मांडी, नामा डोळे मिटून एकेक नाव घेई आणि साहेब टाळ्या पिटत. माणसाला टाळीची चटक लागली की आवरणं कठीण! नामा घोटाच्या पुढे कधी प्यायला नाही. त्याला चढली ती कौतुकाची.

पुढे सरकारनं घरी दारू गाळायला बंदी केली. सगळ्यांनी शेठच्या भट्टीसारखी परवान्याची विकत घ्यायची. पण नामाच्या घराण्यात रीत होती: लेकीच्या हळदीला देवापुढे धार सोडायची ती मुलीच्या आत्यानं गाळलेली. विकतची देवाला चालत नसे. नामाच्या लेकीचं, मंगळीचं, लग्न ठरलं, तशी पलीकडच्या वाडीत दिलेली त्याची बहीण गौराबाई म्हणाली, "तू घाबरू नको रं. मी रानात गाळते. कोनाला कळायचं नाय."

हळदीला नामानं शेठला बोलावलं. मोठेपणाची हौस, दुसरं काय! शेठबरोबर चोरट्या दारूवर नजर ठेवणारा आबकारीचा जमादारही आला. देवापुढे धार सोडून झाली आणि उरलेली दारू मांडवात फिरली. जमादार हसत म्हणाला, "काय नामा, ही तुमच्याच भट्टीची ना?"

नुसतं 'होय' म्हणायचं होतं. गौराबाई समोरच उभी होती, पदर तोंडाशी धरून. पण सगळा मांडव आपल्याकडे बघतोय एवढंच नामाला दिसलं. त्यानं वाटी ओठाला लावली आणि डोळे मिटले.

"छ्या! आमच्या भट्टीला ही गोडी कुटली? ह्यो माज्या बहिनीचा हात हाय!"

डोळे उघडले तेव्हा जमादार गौराबाईकडे वळला होता.

जमादारानं गौराबाईला हळदीतूनच नेलं. दंड भरायला नामा तयार होता, पण कोर्टातल्या साहेबाला जरब बसवायची होती. तिला ठाण्याच्या तुरुंगात धाडलं. नामानं भट्टी सोडली. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं आणि हॉटेलही बंद पडलं. लोक म्हणत, शेठला नामाचा तळतळाट लागला. कसला तळतळाट! ज्याला स्वतःचं तोंड दाखवायची लाज, तो दुसऱ्याला काय शाप देणार? पाण्यालासुद्धा तो बाया विहिरीवरून परतल्यावरच जाई.

भातकापणीला गौराबाई सुटून नामाकडे आली. दळण दळून हातांना घट्टे पडलेले, अंगावर मांस नाही. नामा अंगणात मान खाली घालून बसला. हिनं आता थोबाडीत द्यावी, शिव्या घालाव्यात, तेवढं तरी करावं, असं त्याला वाटत होतं.

ती दमून उंबऱ्याशी टेकली. म्हणाली, "मी नव्हते तवा पोरीची वटी कोनी भरली रं?"

पाठवणीची ती ओटी आत्याच्या मानाची.

"कोनीच नाय," नामा म्हणाला. "तुज्या जागी कोन हुबं राहनार? पोर तशीच गेली."