व्याह्यांना दिलेली फुली

माझ्या मुलीची सोयरीक एका कादंबरीच्या शेवटावरून मोडायला आली होती, आणि ती कादंबरी मी वाचलेली नव्हती.

आमच्या नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर 'गणगोत' नावाचा ग्रुप आहे. बाकीचे लोक तिथं सकाळी उठून गुलाबाची फुलं टाकतात. मी पडलो धाराशिवातला हाडाचा मास्तर. मी रोज चहाबरोबर एक प्रश्न टाकतो. खाली चार पर्याय, आणि संध्याकाळी उत्तर. बरोबर असेल त्याला टाळ्या, चुकेल त्याला लाल फुली. (माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला आजवर इतक्या फुल्या मिळाल्या आहेत, की त्यांचं कुंपण केलं तर त्याचं अख्खं शेत बंदिस्त होईल.)

त्या आठवड्यात विषय होता, 'कादंबऱ्यांवरून निघालेले सिनेमे'. यात माझा अधिकार मोठा. मी सिनेमा बघतो आणि वर सुस्कारा सोडून म्हणतो, "कादंबरीतली मजा वेगळीच!" हे एक वाक्य कुठल्याही कादंबरीला चालतं. वाचलेली असो वा नसो, माणूस अंतर्मुख दिसतो.

नुकतीच आमच्या अश्विनीची सुपारी फुटली होती. मुलगा माकणीचा, स्वभावानं गरीब. रविवारी कुंकवाचा कार्यक्रम ठरला होता. मी उत्साहाच्या भरात मुलाच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, ग्रुपमध्ये घेतलं. आप्पा ऊस आणि कादंबऱ्या या दोनच गोष्टींत रमणारा माणूस. सिनेमाचं नाव काढलं तरी तोंड फिरवणार.

आणि मी प्रश्न टाकला: "'पल्याडचा मळा' या कादंबरीच्या शेवटी नायकाचं काय होतं? अ) पुरातून नदी ओलांडतो आणि नायिकेशी लग्न करतो. ब) नदीकाठी नुसता उभा राहतो. क) मुंबईला जातो. ड) वेडा होतो."

सिनेमा मी दोनदा पाहिला होता. नायक पुरात उडी घेतो, पाठीमागं ढोल वाजतात, पल्याड नायिका हळदीच्या अंगानं उभी असते. उत्तर अ. यात वाचायचं काय राहिलं?

आप्पांचं उत्तर आलं: "ब. तो काठावर उभा राहतो. पाणी चढत असतं. बस. संपलं. याला म्हणतात शेवट."

मी सवयीनं लाल फुली मारली. खाली लिहिलं, "चूक. पुन्हा प्रयत्न करा." त्याखाली हसरं तोंड टाकलं. (सगळा घात त्या हसऱ्या तोंडानं केला.) थोरल्या भावाला इतक्या वर्षांनी फुलीला जोडीदार मिळाला होता. त्यानं आनंदानं नाचणारं माकड पाठवलं. ते बघून बाकीच्यांनीही आपापली माकडं सोडली. माकडांची ही मिरवणूक चाललेली असतानाच स्क्रीनवर ओळ उमटली, की आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले.

लगेच बेंबळीहून माझ्या मेव्हण्याचा, बंडूचा फोन. ही सोयरीक त्यानंच जमवलेली.

"दाजी, व्याह्याला 'चूक' म्हणायचं असतंय व्हय?"

"अरे, पण उत्तर चूक होतं."

"व्याह्याच्या पंगतीत भातात खडा लागला तरी 'भात लई मोकळा झालाय' म्हणायचं असतंय. तुमी तर चारचौघांत फुली मारली. वर माकडं नाचवली."

"माकडं माझी नव्हती."

"आप्पा शनिवारी पुस्तक घिऊन येनार हायेत. म्हनले, मास्तरांनी शेवट मोठ्यानं वाचून दाखवावा, मग कुंकवाचं बघू."

फोन ठेवला तर समोर बायको, कमरेवर हात ठेवून. सुलभानं एवढंच विचारलं, "अहो, वाचलीय ना ती कादंबरी?"

"कादंबरीतली मजा वेगळीच," मी म्हणालो.

"म्हंजे न्हाय वाचली."

अश्विनीनं कुंकवासाठी आणलेली साडी घडी घालून पिशवीत ठेवली. पिशवीची गाठ जरा जास्तच आवळली. तेवढं बघितलं आणि मी चप्पल घालून वाचनालय गाठलं.

कादंबरी मिळाली. उशीएवढी जाड! मी तिथंच उभ्याउभ्या शेवटून उघडली. आणि काय सांगू? नायक काठावर उभा राहतो, पाणी चढतं, सगळं आप्पा म्हणतात तसंच. पण कादंबरी तिथं थांबतच नाही! पुढं भरपूर पानं आहेत. तो उडी घेतो, पल्याड जातो, लग्न करतो. वरात, जेवणावळ, सगळं आहे. सिनेमावाल्यांनी फक्त ढोल वाढवले होते.

मी बरोबर होतो! वाचनालयात मोठ्यानं हसायला मनाई आहे, म्हणून मी पुस्तक बगलेत मारून बाहेर आलो आणि रसवंतीसमोर उभा राहून हसलो.

शनिवारी आप्पा आणि विहीणबाई एसटीनं आले. आप्पांनी पुस्तक नव्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं, लेकराला आणावं तसं. सुलभानं पाणी पुढं केलं.

"पानी ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "आधी शेवट, मग पानी. वाचा, मास्तर."

मी त्यांचं पुस्तक उघडलं. शेवटचं पान: तो काठावर उभा होता, पाणी चढत होतं. त्यानंतर थेट पुठ्ठा. पुढची पानं कशी गेली देव जाणे, पण नेमकी पूर्णविरामावर गेली होती. मी मनातल्या मनात ढोल वाजवले आणि कपाटातली वाचनालयाची प्रत काढायला उठलो.

"अहो, जरा आत या," सुलभाची हाक. "साखरंचा डबा निघंना."

आत डबा उघडाच होता. शेजारी विहीणबाई पदराचं टोक पिळत उभ्या.

"भाऊ, तुमाला सापडलं जनू," त्या हळूच म्हणाल्या. "नवीन लगीन झालतं. जळान वल्लं, चूल पेटंना. सासूबाई तर डोक्यावर हुभ्या. ह्ये पुस्तक दिसलं. ह्यांचं वाचून निम्मंच झालतं. म्या म्हनलं, येवढ्या लांब कोन वाचतंय? मागची पानं वढली."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगनार हुते. तर ह्ये वाचून उठले ते डोळं पुसतच. म्हनले, असा शेवट जगात न्हाय. तवापासून दर पाव्हन्याला तो शेवट सांगत्यात. आता कुठल्या तोंडानं सांगू, की तो शेवट न्हाय, भाकरी झालती?"

सुलभा माझ्याकडं वळली. "बाहेर जा आन् चुकलं म्हना."

"पण मी बरोबर आहे!"

"एवढ्या संसारात एकदा बरोबर निघालात. त्ये बी आजच निघायचं हुतं?"

बाहेर आप्पा वाट बघत होते. दारात अश्विनी उभी होती. मी खाली बसलो, घसा साफ केला आणि आप्पांच्या प्रतीतला शेवट मोठ्यानं वाचला. पुठ्ठ्यापाशी थांबलो. पुस्तक मिटून म्हणालो, "आप्पा, चुकलं माझं. सिनेमा डोक्यात बसला होता. सिनेमावाल्यांनी पार वाटोळं केलं."

आप्पांचा चेहरा असा उजळला की ज्याचं नाव ते. "मास्तर, त्यांना थांबावं कुठं त्येच कळत न्हाय. लिहिनाऱ्यानं कसं, काठावर आनून सोडलं! पुढचं तुमी-आमी जानायचं." आणि गटागटा पाणी प्यायले. आतून विहीणबाईंचा निःश्वास इतका मोठा आला, की मला वाटलं कुकरची शिट्टी झाली.

रविवारी कुंकू लागलं. अश्विनीला ती साडी शोभून दिसली. आप्पांनी मला टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि सगळ्यांदेखत वर ती कादंबरी ठेवली. "आता तरी वाचा," म्हणाले. थोरल्या भावानं शिट्टी मारली.

आता आप्पा ग्रुपवर परत आलेत, आणि रोजचा प्रश्न तेच टाकतात. काल होता, "कादंबरीवरचा सिनेमा का फसतो?" मी उत्तर दिलं, मला फुली मिळाली.

वाचनालयाची ती प्रत मात्र मी परत जाऊ देत नाही. आप्पांच्या हाती पडली तर? म्हणून मुदत संपली की जातो आणि पुन्हा माझ्याच नावावर लावून आणतो. त्यामुळं गावभर बोभाटा झालाय, की मास्तरांनी 'पल्याडचा मळा'ची पारायणं चालवलीत. खरं म्हणाल, तर शेवटाच्या अलीकडचं मी अजून एक अक्षर वाचलेलं नाही. आणि आप्पांनी शेवट सोडून सगळं वाचलंय. म्हणजे आम्हा दोघा व्याह्यांनी मिळून आयुष्यात एक कादंबरी पूर्ण वाचली, असं म्हणायला हरकत नाही.