लागणारी बोटं

“बाई, नऊ बोटांनी टायपिंग शिकवता का?”

खैरनारांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाशिक रोडला, जेल रोडच्या कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीच्या वर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खाली गिरणी, वर बारा टाइपरायटर. समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला तीन पेनं लावलेला चाळिशीचा गृहस्थ उभा. मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हटलं, “इथं दहा बोटांनी शिकवतात. एक घरी विसरला असाल तर उद्या घेऊन या.”

ते हसले आणि उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. अंगठा जागेवर होता, पण त्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तिथं खळगा पडला होता. “आणलाय हो,” ते म्हणाले, “पण तो आता कामावर येत नाही.”

जीभ चावायची वेळ मी आयुष्यात पुष्कळदा ओढवून घेतली आहे, पण त्या दिवसाइतकी लाज कधी वाटली नाही. मी त्यांना कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. स्पेसबार उजव्या अंगठ्यानं दाबायचा असतो, तो डाव्यानं दाबायला शिकवलं. महिन्याभरात त्यांचा वेग माझ्या निम्म्या दहा-बोटी पोरींपेक्षा पुढे गेला.

विश्वनाथ खैरनार मूळचे सटाण्याकडचे. सरकारी खात्यात आरेखक होते. इगतपुरीकडच्या धरणांचे, कालव्यांचे नकाशे हातानं काढायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. एक दिवस शाईचं पेन हातातून गळून पडलं, मग रोज पडायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, औषध नाही. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. ही त्या आजाराची मेहेरबानी की दुष्टपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चारेक महिन्यांनी ते मला म्हणाले, “बाई, आता सात. तुमच्या मशीनच्या कळा जड जातात.” त्यांनी उपनगर भागातल्या आपल्या घरी कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्या कळा मऊ. “या एकदा बघायला,” म्हणाले. मी गेले ती जातच राहिले. रविवारी दुपारी इन्स्टिट्यूट बंद असायची आणि माझ्या घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं.

तिथं मी पहिल्यांदा न्यूजग्रुप पाहिला. इंटरनेट नाशकात नवं होतं, फोनमधून किंचाळत यायचं. न्यूजग्रुप म्हणजे एक मोठा फलक, जगभरचे लोक त्यावर पत्रं लावणार आणि दुसरे त्याखाली उत्तरं लावणार. हजारो विषय, हजारो फलक. खैरनारांचा फलक त्यांच्या आजाराचा होता. कोणी कॅनडातला, कोणी केनियातला, सगळ्यांना एकच रोग. पत्रं मात्र फार दिवस टिकायची नाहीत, चार-पाच दिवसांत फलकावरून उतरायची. नवा माणूस यायचा, भेदरलेला, आणि विचारायचा, “पुढे काय होतं?” त्याला उत्तर देणाऱ्यांत खैरनार एक होते. ते खोटा धीर द्यायचे नाहीत. चमचा कधी जाड मुठीचा घ्यायचा, शर्टाच्या गुंड्या कधी काढून टाकायच्या, असलं लिहायचे.

“माझा पगार थांबला, नकाशे थांबले,” ते एकदा म्हणाले. “एवढं एक काम उरलंय. हे स्वतःच्या हातानं जितके दिवस होईल तितके दिवस करायचं. बाकी माझी कसली अपेक्षा नाही.”

आणि त्यासाठीच त्यांनी एक यादी करायला घेतली. फलक वाचायला कॉम्प्युटरवर वेगळा प्रोग्राम लागतो, आणि असे प्रोग्राम ढिगानं होते. लोक त्यांची तुलना करायचे ती रंगावरून, वेगावरून. खैरनारांनी नकाशाच्या वहीत रकाने आखले: प्रोग्राम, लागणारी बोटं, शेरा. कंपन्यांची नावं त्यांना आवडत नसत, म्हणून प्रत्येकाचं बारसं त्यांनी स्वतः केलं. एक दिसायला देखणा, पण जरा काही करायचं तर माउस हवाच, तो ‘जावईबापू’. बोटं पाच. एक प्रत्येक गोष्टीला ‘नक्की ना?’ विचारणारी, ती ‘सासूबाई’. बोटं चार आणि सहनशक्ती. एक सगळी पत्रं एकदम उचलून आणायचा, म्हणजे फोन बंद करून निवांत वाचता यायची. तो ‘हमाल’. बोटं तीन. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘वाचलेली पत्रं बाहेर पडताना फेकून देतो. सांभाळून.’ आणि एक जुना, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, तो ‘म्हातारा’. नुसता स्पेसबार दाबत राहायचं, एकामागून एक पत्र समोर येतं. वाचायला बोट एक. उत्तर लिहायला मात्र दोन-तीन कळा एकदम दाबाव्या लागायच्या.

“एका बोटानं वाचता येतं, बाई,” खैरनार म्हणायचे, “एका बोटानं बोलता येत नाही. असा प्रोग्राम कोणीच का लिहिला नाही?”

ही यादी ते दर महिन्याला इंग्रजीत करून फलकावर लावायचे. पहिल्या वेळी कोणीतरी खिदळलं, बोटं मोजायचा हा काय विनोद? त्याच्या खाली दुसऱ्याचं एका ओळीचं पत्र आलं. ‘माझी चार उरलीत. मी कुठला घेऊ?’ त्यानंतर कोणी हसलं नाही. खैरनारांची बोटं कमी होत गेली तशी यादी बदलत गेली. पाच होती तोवर जावईबापू, मग ते गेले. हमालाला मात्र ते धरून राहिले, कारण आमच्या फोनची लाइन दहा मिनिटं धड टिकत नसे. शिफ्टची कळ एकदा दाबली की दाबलेलीच राहते अशी एक सोय त्यांनी शोधून काढली आणि दोन बोटांवर हमाल चालवला. मग एका बोटावर. डाव्या हाताची तर्जनी. एक ओळ लिहायला पाऊण तास लागायचा. त्यांची बायको सुमनताई मनगटाखाली उशी सरकवत बाजूला बसायची.

“मी लिहिते ना तुमच्यासाठी,” मी म्हणायचे. “तुम्ही सांगा, मी साठच्या वेगानं बडवते.”

“बोट आहे तोवर नको,” ते म्हणायचे. जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती. “आणि तुम्ही टायपिस्ट. तुम्ही वाचत नाही, नुसतं बडवता.”

खोटं नव्हतं ते. वीस वर्षं मी पोरींना हेच शिकवलं होतं: मजकुरात शिरायचं नाही, अक्षरं बघायची. अर्थ लावत बसलं की वेग पडतो. कोर्टाचे निकाल, प्रेमपत्रं, मयताच्या तारा, माझ्या बोटांतून काय काय गेलं असेल, मला एक ओळ आठवत नाही. त्याचा मला अभिमान होता.

त्या रविवारी सुमनताई त्यांना आंघोळीला घेऊन गेली. उचलून नेण्यासारखेच झाले होते ते. मी कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर हमाल उघडा होता. वर आकडा: न वाचलेली पत्रं एकशे शहाऐंशी. मला पसारा सहन होत नाही. टेबलावर कार्बनचा एक कागद वाकडा दिसला तरी मी उठते. जाहिराती, भांडणं, जुनं-पानं, असंच काही असणार, म्हटलं माणसाला एकच तर बोट आणि हा एवढा ढीग. ‘सगळं वाचलं’ अशी एक कळ असते, ती मला ठाऊक होती. दाबली. आकडा शून्य झाला. मग शिकवल्याप्रमाणे प्रोग्राम नीट बंद केला. मनाशी खूशसुद्धा झाले.

ते आले, खुर्चीत बसवले गेले, पडदा पाहिला. 

“बाई, काय केलंत?”

“साफ केलं. सगळा कचराच होता की.”

“बठ्ठं गयं,” ते म्हणाले. सटाण्याची बोली त्यांच्या तोंडून मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. सगळं गेलं. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायलाही हात उचलत नव्हता, सुमनताईनं पदरानं पुसलं.

त्या ढिगात एक पत्र होतं. एका शाळामास्तरणीचं. तिला नुकतंच निदान कळलं होतं आणि तिची मुलगी सात वर्षांची होती. तिनं विचारलं होतं, मुलीला कसं सांगू? खैरनार दोन दिवस त्यावर विचार करत होते. पत्र वाचून झालं होतं, पण हमाल फेकून देईल म्हणून त्यांनी ते मुद्दाम पुन्हा ‘न वाचलेलं’ करून ठेवलं होतं. तिचं नाव त्यांना आठवेना. हमालानं आणलं तेव्हाच जुनं असलेलं मूळ पत्र फलकावरूनही उतरून गेलं होतं. त्यांनी एका बोटानं तिथं लिहिलं, ‘मुलीबद्दल विचारणाऱ्या बाई, पुन्हा विचाराल का?’ तेवढ्याला सबंध दुपार गेली. ती बाई पुन्हा आली नाही.

“येऊ नका आता,” खैरनार मला म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी गेले नाही. अकरा दिवस इन्स्टिट्यूटमध्ये पोरींवर विनाकारण ओरडत बसले. बाराव्या दिवशी सुमनताई जिना चढून वर आली. मशीनच्या खडखडाटात तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी सगळ्यांना थांबवलं. त्या शांततेत ती म्हणाली, “बाई, त्यांचं बोट गेलं.” बारा पोरी आमच्याकडे बघत होत्या.

त्या संध्याकाळी गेले तेव्हा खैरनार माझ्याकडे पाहत राहिले. माफी मागायची म्हणून मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक निघेल तर शपथ. तेच म्हणाले, “वाचा.” मी फलक उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. इंग्रजी मला टाइप करता येतं, बोलता येत नाही. माझे उच्चार ऐकून त्यांचे ओठ हलले, हसत असावेत. एकेक पत्र वाचायचं, त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. जीभ बंद पडली तेव्हा आम्ही की-बोर्डच्या ओळी ठरवल्या. वरची, मधली, खालची. मी ओळ म्हणायची, मग एकेक अक्षर. त्यांनी डोळा मिटला की ते अक्षर. मला आता मजकुरात शिरावंच लागायचं, नाहीतर पुढचं अक्षर कळणार कसं? रोज गेले. सुट्ट्यांत गेले, तापात गेले. एक पत्र सोडलं नाही.

आठ महिने हे चाललं. मग छातीचे स्नायू गेले. माणूस शुद्धीवर असताना श्वासासाठी कसा झगडतो ते मी पाहिलं आहे. मला ते लिहायचं नाही.

तेराव्यानंतर सुमनताईनं नकाशाची वही माझ्या हातात दिली. “या महिन्याची यादी राहिली, बाई. तुम्ही नसताना ते मला डोळ्यांनी सांगत होते थोडं थोडं. तुमची पद्धत मी पाहून घेतली होती.” छापल्यासारख्या त्या अक्षरांखाली, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात, एक नवी ओळ होती.

‘बाई. लागणारी बोटं: शून्य. शेरा: एकदा न वाचता सगळं पुसलं. त्यानंतर एकही पत्र सोडलं नाही. वेग कमी. उच्चार भयंकर. बदलायची गरज नाही.’

मी तिथंच जमिनीवर बसून रडले. सुमनताईनं मला पाणी दिलं, खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

यादी इंग्रजीत करून मी फलकावर लावली, शेवटच्या ओळीसकट. खैरनार गेल्याचंही लिहिलं. हळहळणारी पत्रं आली. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी पत्र आलं. ‘तुमच्या यादीतला शेवटचा प्रोग्राम कुठे मिळतो? माझी दोन उरलीत.’

मी लिहिलं, ‘तो प्रोग्राम नाही. मी आहे, नाशिकला राहते. तुमच्या घरात वाचून दाखवणारं कोण आहे?’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘कोणी नाही. म्हणूनच विचारलं.’

मी दहाही बोटं कळांवर ठेवली. साठच्या वेगाची टायपिस्ट मी, एक शब्द उमटेना. ‘शेजारी कोणी शोधा’ लिहिलं, खोडलं. ‘धीर धरा’ लिहिलं, लाज वाटून खोडलं. खैरनारांनी काय लिहिलं असतं? ते दोन दिवस विचार करायचे, मला दोन दिवसांतही सुचलं नाही. मग मी ते पत्र ‘न वाचलेलं’ करून ठेवलं, ते ठेवायचे तसं.

पुढे तो माणूस फलकावर पुन्हा दिसला नाही. दोन-तीन वर्षांनी सुमनताई सटाण्याला भावाकडे गेली तेव्हा कॉम्प्युटर माझ्याकडे आला. फोनची वायर त्याला मी कधी जोडली नाही. महिन्यातून एकदा धूळ पुसते, चालू करते, हमाल उघडते. वर आकडा दिसतो: न वाचलेलं पत्र, एक. कुठल्याही कळेला हात न लावता मी तो तसाच बंद करते.