झेडचा पीळ

आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डीएनएचं एक मॉडेल टांगलेलं होतं आणि ते चुकीचं होतं. वर्षानुवर्षं मुलं ते वहीत तसंच उतरवत होती. मीही उतरवलं. चूक पकडली माझ्या बाबांनी, ज्यांनी कॉलेजची पायरीही चढलेली नव्हती.

बाबा गिरणीत डबलिंग खात्यात होते. दोन सुतं एकत्र पिळून एक मजबूत दोरा करायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. इंग्रजी येत नव्हतं, पण दोन अक्षरं पक्की होती, एस आणि झेड. दोरा उभा धरायचा. पीळ ज्या अक्षराच्या मधल्या रेघेसारखा तिरका दिसेल, त्या अक्षराचा तो पीळ. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. बाबा घाटकोपरला आमच्या खोलीतच बसून असत, आणि शेजारचे लोक त्यांना ऐकू जाईल असं म्हणत, ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही.’ असं म्हणणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावावंसं वाटे.

विज्ञान प्रदर्शनासाठी जीवशास्त्राच्या सरांनी मला माझ्या उंचीचं नवं मॉडेल करायला सांगितलं. तारेची शिडी करायची आणि पिळायची, मला सोपं वाटलं. पण जरा जास्त पीळ दिला की शिडी मध्येच पोट काढी आणि स्वतःभोवतीच वेटोळं घाली. बाबांनी ती तुळईला टांगली आणि खालच्या टोकाला वरवंटा बांधला. “ओढ नसली तर पीळ सरळ रवत नाय,” ते म्हणाले. पेशीतला तो लांबलचक धागाही जास्त पीळ पडला की असाच स्वतःवर गुंडाळतो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. बाबांना ते हाताने ठाऊक होतं.

मी पक्कड फार जोरात दाबायची. प्रत्येक पायरीजवळ तारेवर दातांचे वण उठत. “तुझो हात लगेच वळखूक येता,” म्हणून ते चिडवत.

मग त्यांनी माझी वही आणि पुस्तक शेजारी ठेवलं. “वहीत एस, पुस्तकात झेड. खरो खंयचो?”

पुस्तकात स्पष्ट छापलं होतं, उजवा पीळ. म्हणजे झेड. आम्ही झेड पिळला.

सरांनी मॉडेल बघितलं आणि म्हणाले, “उलटं केलंयस.” मी पुस्तक उघडून दाखवलं. “अगं, ते चित्र दुसऱ्या बाजूने काढलंय.” मी मॉडेल उचलून खालची बाजू वर केली. पीळ तसाच राहिला, राहणारच. दोरा कुठूनही बघा, पीळ बदलत नाही. हे खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. सरांचे कान लाल झाले.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“बाबांनी. ते गिरणीत आहेत, डबलिंगला.”

“अच्छा! म्हणजे डीएनए आता गिरणीत निघतो!” सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले. त्या हसण्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. सर म्हणाले, नीट कर नाहीतर प्रदर्शनात नाव नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर, पक्कड घेऊन बाबांचा पीळ उतरवला आणि उलटा चढवला.

प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. परीक्षकबाईंनी मॉडेलकडे एकदाच पाहिलं. “हा पीळ उलटा आहे. मूलभूत चूक.” मी सरांकडे बघितलं. आणि तो माणूस, पापणीही न हलवता, म्हणाला, “काय आहे मॅडम, हिने घरी वडिलांकडून करून आणलंय. गिरणी कामगार आहेत ते.”

बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. बारावीचे प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते. बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. बाबा जवळ आले, त्यांनी तारेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि हात मागे घेतला.

सरांना मी आजही शिव्या घालते. मनातल्या मनात, मालवणीत, बाबांच्या आवाजात. पण घरी परतताना बाबांनी फक्त विचारलं, “कोणी उलटवल्यान गो?”

“सरांनी,” मी म्हणाले.

“बरा,” ते म्हणाले.

त्या तारेवर प्रत्येक पायरीजवळ माझ्या पकडीचे जुने वण होते, आणि त्यांच्या शेजारी तितकेच खोल, नवे.